स्वमग्न मूल आणि कौन्सिलची तिजोरी

आपले मूल स्वमग्न आहे असे डॉक्टरांनी लेखी दिले की सरकारी मदतीचे दार आपोआप उघडेल, अशी इंग्लंडमधील बहुतेक नव्या पालकांची समजूत असते. ती टिकत नाही. निदानाचा कागद आरोग्य खात्याचा. शाळेत मदतनीस, वाचोपचार, व्यवसायोपचार यांचा खर्च करावयाचा की नाही हे ठरविते ती स्थानिक कौन्सिल. आणि तिच्यापुढे मुलाला विकार कोणता हा प्रश्न गौण असतो, त्याला शिकण्यासाठी इतर मुलांहून वेगळे काय लागते हा मुख्य. निदानाची अट कायद्याने घातलेलीच नाही. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कुटुंबांना तर हा फरक पचविणे अधिक जड जाते, कारण भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्राला बांधलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये टक्केवारी विचारणारे कोणी नाही. तेथे विचारले जाते ते हे, की मूल वर्गात बसते का, शिक्षकांचे बोलणे त्याला कळते का, मधल्या सुटीतील गोंगाट त्याला सोसतो का, आणि यासाठी शाळेने आजवर काय केले.

या व्यवस्थेला इतिहास आहे. १९७० च्या कायद्यापर्यंत इंग्लंडमध्ये काही मुले ‘शिकविण्यास अपात्र’ ठरवून आरोग्य खात्याच्या स्वाधीन केली जात. त्या कायद्याने हा वर्ग नाहीसा केला. पुढे मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल १९७८ साली आला, त्याच्या आधारे १९८१ चा शिक्षण कायदा झाला आणि मुलाच्या गरजा लिहून देणारे ‘स्टेटमेंट’ अस्तित्वात आले. कौन्सिलने दाद दिली नाही तर कोठे जावे, या प्रश्नाला १९९३ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरणाचे उत्तर दिले. स्वतः वॉर्नॉकबाईंनीच २००५ साली या पद्धतीचा फेरविचार व्हावा असे लिहिले होते. तो फेरविचार हुजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या संयुक्त सरकारने २०१४ च्या ‘मुले व कुटुंबे’ कायद्याने केला. स्टेटमेंटच्या जागी ‘शिक्षण, आरोग्य व संगोपन योजना’ आली आणि तिची मुदत वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढविण्यात आली.

२०१४ च्या कायद्याची कसोटी मुद्दाम सैल ठेवलेली आहे. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतील, आणि त्यासाठी योजनेद्वारे तरतूद करणे आवश्यक ठरू शकेल, एवढे दिसले की कौन्सिलने तपासणी केली पाहिजे. अर्ज पालकही करू शकतात. शाळेची संमती लागत नाही. तपासणी करावयाची की नाही हे सहा आठवड्यांत कळवावे आणि अंतिम योजना वीस आठवड्यांत हाती द्यावी, असे बंधन आहे. प्रत्यक्षात २०२४ साली वीस आठवड्यांची मुदत पाळली गेली ती शंभरांपैकी सेहेचाळीस योजनांत. शिवाय कित्येक कौन्सिलांनी कायद्यात नसलेल्या अटी स्वतःच्या धोरणपत्रांत घालून ठेवल्या आहेत: मूल अभ्यासात दोन वर्षे मागे असावे, शाळेने आधी सहा हजार पौंड खर्च केल्याचा हिशेब द्यावा, वगैरे. सहा हजारांचा आकडा शाळांच्या अनुदानाच्या पद्धतीतून आलेला आहे आणि २०१३ पासून तो बदललेला नाही. तपासणी नाकारण्याचे कारण म्हणून कायदा त्याला ओळखत नाही. पण नकाराच्या पत्रावर कौन्सिलचे नाव व शिक्का असतो, आणि सामान्य माणूस शिक्क्यापुढे नमतो. हा अनुभव केवळ इंग्लंडचा नव्हे.

खरी लढाई योजना मिळाल्यानंतर तिच्या शब्दांवरून होते. योजनेचे विभाग अक्षरांनी ओळखले जातात. ‘बी’ विभागात मुलाच्या गरजा, ‘एफ’ विभागात शैक्षणिक तरतूद, ‘जी’ विभागात आरोग्यविषयक तरतूद, ‘आय’ विभागात शाळेचे नाव. वाचोपचार कोणत्या विभागात लिहिले जातात यावर फार मोठे अवलंबून असते. ‘एफ’मध्ये लिहिलेले सर्व काही पुरविणे हे कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाने कौन्सिलचे निरपवाद कर्तव्य आहे. उपचारतज्ज्ञ मिळत नाही, पैसा संपला, ही सबब तेथे चालत नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे माणूस नसेल तर कौन्सिलने खासगी तज्ज्ञ नेमावा. तेच उपचार ‘जी’मध्ये गेले की जबाबदारी आरोग्य मंडळाकडे जाते आणि तंटा झाल्यास न्यायाधिकरण केवळ शिफारस करू शकते. लँकशर परगण्यातील एका मुलाच्या खटल्यात १९८९ सालीच न्यायालयाने वाचोपचार ही शैक्षणिक तरतूद असू शकते असे म्हटले होते. २०१४ च्या कायद्याने तर मुलाला शिकविणारी वा घडविणारी आरोग्यसेवा ही शैक्षणिक तरतूदच मानावी, असे स्पष्ट केले. बोलणे शिकणे हे शिक्षण नव्हे असे कोण म्हणेल? तरीही योजनांचे मसुदे येतात त्यांत ‘वाचोपचारांचा लाभ मिळण्याची संधी’, ‘आवश्यकतेनुसार तज्ज्ञांचा सल्ला’ अशी वाक्ये असतात. संधी मोजता येत नाही आणि आवश्यकता कोण ठरविणार हे लिहिलेले नसते. ज्या पालकांना कोणी जाणते भेटते ते आग्रह धरतात की आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, कोणत्या पात्रतेच्या व्यक्तीकडून, एकट्याने की गटात, हे सर्व लिहा. तरतूद अशी नेमकी असली पाहिजे हेही न्यायालयांनी १९९० च्या दशकातच सांगून ठेवले आहे.

न्यायाधिकरणाचे आकडे पाहिले की कौन्सिलांची बाजू लंगडी असल्याचे दिसते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात सुमारे एकवीस हजार अपिले दाखल झाली, आणि ज्यांत न्यायाधिकरणाने निर्णय दिला त्यांपैकी शंभरांत अठ्ठ्याण्णवांहून अधिक पूर्णतः किंवा अंशतः पालकांच्या बाजूने लागली. यांपैकी कित्येक निकाल अंशतः अनुकूल आहेत हे लक्षात ठेवले तरी, इतक्या सातत्याने हरणारा पक्षकार पुन्हा पुन्हा लढतो का, हा प्रश्न उरतो. उत्तर कटू आहे. सुनावणीची तारीख कित्येक महिन्यांनी, कधी वर्षानेही लागते, आणि तेवढ्या काळाचा खर्च वाचतो. नकार मिळालेल्यांपैकी सगळेच अपील करीत नाहीत, हेही कौन्सिलला ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील एक वर्ष हा या हिशेबातील न दाखविलेला खर्च होय.

तथापि कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना खलनायक ठरवून विषय संपत नाही. संसदेने हक्क दिला, पण त्यासाठी पुरेशी थैली दिली नाही. २०१५ च्या जानेवारीत, जुनी स्टेटमेंटे धरून, सुमारे २ लक्ष ४० हजार मुलांना व तरुणांना असे संरक्षण होते. २०२५ च्या जानेवारीत ही संख्या ६ लक्ष ३८ हजारांवर गेली. त्यांत सुमारे एक तृतीयांशांची प्रमुख गरज स्वमग्नतेची आहे. सरकारी विशेष शाळांत जागा नाहीत, म्हणून मुले खासगी विशेष शाळांत पाठवावी लागतात. तेथील सरासरी वार्षिक खर्च सुमारे ६१ हजार पौंड, तर सरकारी विशेष शाळेचा सुमारे २४ हजार. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार या कामासाठीचे अनुदान दहा वर्षांत महागाई वजा जाताही ५८ टक्क्यांनी वाढून १०.७ अब्ज पौंडांवर गेले, आणि तरीही मुलांच्या प्रगतीत सुधारणा दिसली नाही. कौन्सिलांची एकूण तूट मार्च २०२६ पर्यंत ४.३ ते ४.९ अब्ज पौंडांच्या घरात जाईल असा त्याच कार्यालयाचा अंदाज होता. २०२० पासून ही तूट कौन्सिलच्या मुख्य ताळेबंदात न धरण्याची मुभा देण्यात आली. जमाखर्चाच्या वहीतील दोन पाने एकमेकांना चिकटवून ठेवावीत तसा हा प्रकार. २०२५ साली मुभेची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढविण्यात आली.

या ओढाताणीत जिंकतो तो तयारीचा पालक. स्वतंत्र मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, वाचोपचारतज्ज्ञाची साक्ष, या गोष्टींना खर्च येतो. गरिबांना कायदेशीर सल्ल्यासाठी सरकारी साहाय्य आहे, पण न्यायाधिकरणापुढे वकील उभा करण्यास ते सहसा पुरत नाही. प्रत्येक भागात कौन्सिलच्या पैशावर चालणारी, पण निःपक्षपाती असणे बंधनकारक असलेली सल्लाकेंद्रे आहेत. इप्सीसारखी १९८३ पासून काम करणारी संस्था विनामूल्य सल्ला देते. परदेशातून आलेल्यांना त्यांचा पत्ता उशिरा लागतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरात आणखी एक भीती असते. त्यांच्या व्हिसाला सार्वजनिक निधीचा आधार घेऊ नये अशी अट असते, म्हणून ते अर्जच करीत नाहीत. हा गैरसमज आहे. अपंग मुलासाठीचा मासिक भत्ता त्या अटीत येतो, तो मागता येत नाही. शाळेचे शिक्षण व त्याखालील योजना त्या अटीत येत नाहीत. आणखी एक हानी सल्ल्याने होते. मूल बोलत नाही तर घरी फक्त इंग्रजीच बोला, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई, अजूनही कोठे कोठे सांगितले जाते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाची हानी होते असे संशोधनात आढळलेले नाही. आजीशी बोलण्याची भाषा मात्र त्या सल्ल्याने जाते.

मजूर पक्षाच्या सरकारने या सर्व व्यवस्थेच्या फेररचनेची श्वेतपत्रिका २०२५ च्या हेमंतात काढण्याचे ठरविले होते. ऑक्टोबरमध्ये ती २०२६ वर ढकलली. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकासोबत जाहीर झाले की २०२८-२९ पासून हा भार केंद्र सरकार आपल्या खर्चात सामावून घेईल. त्या एका वर्षाचा भार सुमारे सहा अब्ज पौंड असेल असे तेथील अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालयाने लगेच सांगितले. एवढी रक्कम कोठून येणार याचे उत्तर अंदाजपत्रकात नव्हते, आणि ते नसल्यामुळेच पालकांच्या संघटनांना धास्ती वाटली की उत्तर योजनांची संख्या कमी करण्यात शोधले जाईल. सामान्य शाळांतच अधिक तज्ज्ञ व लहान वर्ग दिल्यास पुष्कळ मुलांना योजनेची गरज उरणार नाही, हा सरकारी युक्तिवाद चुकीचा नाही. पण तज्ज्ञ आधी यावेत आणि हक्काची छाटणी नंतर व्हावी, की उलट, यावर तो किती प्रामाणिक आहे ते ठरेल. ‘एफ’ विभागातील निरपवाद कर्तव्य आणि अपिलाचा अधिकार या दोन गोष्टी काढून घेतल्या तर उरेल ती शाळेची सदिच्छा, आणि सदिच्छेविरुद्ध अपील करता येत नाही.

संसद कायदा बदलीत नाही तोवर २०१४ चीच कसोटी लागू राहते. नकाराचे पत्र निघाल्याच्या तारखेपासून अपिलासाठी दोन महिने मिळतात, त्यात मध्यस्थीचा विचार केल्याचे प्रमाणपत्रही मिळवावे लागते, आणि त्यांतले पहिले कित्येक दिवस पत्राचा अर्थ लावण्यातच जातात.