तिसऱ्या धुण्यानंतर

दसरा तोंडावर आला की कुर्डुवाडीत बार्शी रस्त्याला आणि टेंभुर्णी रस्त्याला वॉशिंग सेंटरपुढे गाड्यांची रांग लागते. खंडेनवमीच्या आदल्या रात्री तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. जीप, पिकअप, नवी कोरी एसयूव्ही, कुणाची पंधरा वर्षे जुनी हॅचबॅक, आणि प्रत्येक मालकाचे मागणे एकच: "रबिंग-पॉलिश करून टाका, आरशासारखी दिसली पायजे." आपण तशी करून देतो. सकाळी झेंडूचा हार पडतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू जाते. त्या दिवशी गाडी खरोखर आरशासारखी दिसते.

या अंकात मला विचारायचे आहे ते त्या दिवसाबद्दल नाही. तीच गाडी तीनदा धुतल्यानंतर कशी दिसते? आपल्यापैकी फार थोडे जण ती तेव्हा पाहतात, कारण ती आपल्याकडे पुन्हा येते ती पुढच्या दसऱ्याला. तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त मंद झालेली असते आणि आपण पुन्हा रबिंग करतो. हे चक्र थांबवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भाषेत घासायच्या कागदाला 'पॉलिश पेपर' म्हणतात. सुतार म्हणतो, रंगारी म्हणतो, आपणही म्हणतो. तो शब्द अगदी खरा आहे. पॉलिश म्हणजे घासणे, म्हणजे काहीतरी काढून टाकणे. ओरखडा 'भरत' नाही. त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला की तो दिसेनासा होतो. वॅक्स ही वेगळी गोष्ट आहे, ते वर चढते. पण गिऱ्हाईक दोन्हींना पॉलिशच म्हणते, आणि घाईत आपणही.

काढायला आपल्याजवळ असते तरी किती? कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा थर असतो. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस सहसा याहून जाड भरतो. लोकरी पॅड आणि जाड कॉम्पाउंड घेऊन एक पूर्ण फेरी मारली की दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर दसऱ्याला तीन धरा. दहा दसऱ्यांत तीस. उन्हातील अतिनील किरणे रोखणारी द्रव्ये त्या क्लिअरमध्येच असतात, त्यामुळे तो सगळा संपेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पातळ झालेला क्लिअर आपल्या उन्हात आधीच हार मानतो. छतावर पांढुरके डाग, मग पापुद्रे. पापुद्रे सुटलेल्या छताला जगातले कोणतेही पॉलिश चालत नाही. ते छत पेंटरकडेच जाते.

मग आपली जुनी माणसे काय चूक करत होती? अजिबात नाही, आणि हे मी आदराने लिहितो. त्यांनी हात बसवला तो अँबॅसॅडर आणि पद्मिनीवर. त्या गाड्यांवर वेगळा क्लिअर नव्हता. रंग हाच वरचा थर. १९२४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यू पाँ कंपनीचा 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर झळकला आणि कित्येक आठवडे चालणारे गाडी रंगवण्याचे काम काही दिवसांवर आले. ते नाव आपल्या पेंटरांच्या तोंडी इतके रुळले की आजही लाकूडकामापासून गाडीपर्यंत चकचकीत फवाऱ्याच्या कामाला 'ड्युको' म्हणतात. असा एकेरी रंग उन्हाने वरून मरतो, पिठासारखा होतो. तो मेलेला पापुद्रा रबिंगने काढला की खालचा जिवंत रंग वर येतो. म्हणून ते रबिंग हा खरा इलाज होता.

त्या कामात एक सावधगिरीची घंटाही होती. लाल गाडी घासली की फडके लाल व्हायचे, निळी घासली की निळे. किती रंग निघाला ते हातात दिसायचे आणि जाणता कारागीर त्यावरून हात आवरायचा. क्लिअर आल्यावर ही घंटा गेली. आता फडके पांढरेच होते. कॉम्पाउंडही पांढरा आणि निघालेला क्लिअरही पांढरा. हाताने कळण्यासारखे काही उरले नाही. पद्धत जुन्या रंगाची राहिली आणि रंग मात्र बदलला, एवढीच आपल्या धंद्याची खरी अडचण आहे.

म्हणून जाडी मोजायचे मीटर आता चैनीची वस्तू मानू नये. मशीन घेतले तसे मीटर घ्यावे. लोखंडी पत्र्यावर चालणारे साधे मीटर आपल्या बहुतेक गाड्यांना पुरते. ॲल्युमिनियमच्या बॉनेटला दोन्ही धातू ओळखणारे लागते आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, तिथे अंदाजच. मीटर एकूण जाडी सांगते, क्लिअर किती उरला ते वेगळे सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तरी आकडा बोलतो. एका दारावर ११०, शेजारच्यावर ३०० दिसले तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि हजाराच्या वर गेले तर खाली लांबी भरलेली आहे. ऐंशीच्या खाली आकडा आला तर लोकरी पॅड खुंटीला टांगावे.

आता कुर्डुवाडीबद्दल. हे रेल्वेचे गाव. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी अडीच फुटी रुळांवरून इथून बार्शीला निघाली. स्थानकाचे नाव तेव्हा 'बार्शी रोड' होते. पुढे ती लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना इथे उभा राहिला. वाफेच्या काळात रेल्वेत लागलेला पोरगा आधी 'क्लीनर' व्हायचा. तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी इंजिन पुसायचे, मग फायरमन, मग ड्रायव्हर. पुसता पुसता कुठे चीर आहे, कुठे नट ढिला आहे, कुठून तेल गळते ते त्याला कळायचे. पुसणे म्हणजे तपासणे, असे ते शिक्षण होते.

आपल्याकडे उलटे आहे. मशीन उस्तादाच्या हातात असते, आणि धुण्याचे काम परवा लागलेल्या पोराकडे, कालच्या चिखलाच्या बादलीसह. गाडीच्या अंगावर जी गोल गोल जाळी उन्हात दिसते, कोळ्याने विणल्यासारखी, ती मुख्यतः या धुण्यापुसण्यातून येते. सकाळी जाळी घालायची आणि दुपारी ती काढायचे पैसे घ्यायचे, असे आपल्या हातून नकळत घडते.

या भागात तर धुण्याची किंमत दुप्पट आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे. गाळप सुरू झाले की बगॅस जाळणाऱ्या धुराड्यांची काळी राख मैलोन्‌मैल उडते आणि सकाळी बॉनेटवर बारीक काळे कण बसलेले असतात. ही राख मऊ दिसते, पण तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. मालक किंवा ड्रायव्हर सकाळी कोरडे फडके घेऊन ती झटकतो, तेव्हा तो अतिशय बारीक पॉलिश पेपरने गाडी घासत असतो. गाळपाच्या दिवसांत गिऱ्हाइकाला एवढे एकच वाक्य सांगा: कोरडे पुसू नका, आधी पाणी सोडा. या वाक्याने तुमचे रबिंगचे एखादे काम कमी होईल. पण ते गिऱ्हाईक तुमचे होईल.

दुसरी गोष्ट लोखंडाची. स्टेशनाजवळ, रुळांच्या कडेला रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर हात फिरवा. धुतल्यावरही खरखर लागते आणि जवळून पाहिले तर तांबूस ठिपके दिसतात. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण क्लिअरमध्ये रुतून तिथेच गंजतात. या धंद्यात याला जगभर 'रेल डस्ट'च म्हणतात. ते कॉम्पाउंडने काढायला जाऊ नये. कण सुटून पॅडमध्ये अडकतो आणि मग पॅडच ओरखडे काढत सुटते. आधी आयर्न रिमूव्हर मारावा. लोखंडाशी गाठ पडली की तो जांभळा होऊन खाली ओघळतो, मग भरपूर पाणी. त्यानंतरही उरलेल्या खरखरीला क्ले बार. जपानच्या ताडाओ कोदाते यांना या क्लेसारख्या लवचीक घासणीचे अमेरिकी पेटंट १९९५ साली मिळाले. तेव्हापासून मळलेल्या कणकेसारख्या या गोळ्याने कितीतरी गाड्यांचे रबिंग वाचवले आहे. क्ले फिरवताना शाम्पूचे पाणी सतत हवे आणि गोळा जमिनीवर पडला तर तो फेकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही. इथे कंजूषपणा करू नये.

तिसरी गोष्ट पाणी. बोअरचे पाणी उन्हात बॉनेटवर सुकले की क्षारांचे पांढरे वर्तुळ राहते, आणि तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअरला चिकटून बसते. त्यासाठी सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर धुणे बंद करावे. शेडची सावली हे आपल्या धंद्यातले सर्वांत स्वस्त औजार आहे. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्यावा. वीस लिटरचा एक जार छोट्या गाडीला पुरतो. डाग पडलाच असेल तर व्हिनेगर पाण्यात पातळ करून अर्धे मिनिट ठेवावे, मग धुवावे. कपड्याच्या साबणाची पावडर मात्र शेडमधून कायमची बाहेर काढा, कारण ती मळाबरोबर वॅक्सही उतरवते. डिझेलचा हात मारून चमक आणण्याची ड्रायव्हर मंडळींची सवयही मोडायला हवी. तो थर धूळ धरतो आणि काचेभोवतीचे रबर फुगवतो.

धुणे असे झाले, लोखंड गेले, क्ले फिरला, की पुष्कळदा असे दिसते की रबिंगची गरजच नाही. गेल्या हिवाळ्यात मी माझी स्वतःची पांढरी गाडी बार्शी रस्त्यावरच्या एका छोट्या शेडमध्ये नेली. तिचे दहा दसरे मी असेच रबिंगने साजरे केले होते, दरवेळी वेगळ्या ठिकाणी, आणि दरवेळी माझ्याच आग्रहाने. तिथल्या विशीतल्या पोराने छतावर मीटर टेकवले. आकडा ७२ आला. त्याने मला बोलावून तो दाखवला आणि म्हणाला, "साहेब, याला मशीन नको. मी धुऊन वॅक्स लावून देतो. चमक थोडी कमी येईल, पण छत राहील." त्याने रबिंगचे पैसे सोडले. मी हे मासिक चालवतो हे त्याला माहीत नव्हते.

जिथे मशीन लागतेच, तिथे आधी दोन फूट बाय दोन फूट जागेवर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिशने करून पाहावे. भागले तर पुढे जाऊच नये. रोटरीवर हात बसलेला असेल तर ठीक, नव्या पोराच्या हाती ड्युअल ॲक्शन द्यावे. ते वेळ खाते पण जाळत नाही. कडा आणि बॉडीच्या उठलेल्या रेषा टेपने झाकाव्यात, तिथे थर आधीच पातळ असतो. बंपरवर थांबू नये, प्लॅस्टिक उष्णता बाहेर सोडत नाही. आणि काम झाले की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात मिसळून एकदा पुसावे. पुष्कळ पॉलिशांत तेले आणि भरणारी द्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात आणि दोन-तीन धुण्यांत निघून जातात. आयपीएने पुसल्यावर जे दिसते तेच आपले खरे काम. ते गिऱ्हाइकाला उन्हात उभे करून दाखवावे.

वॅक्सबद्दलही खरे बोलू. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. ८२ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून मेणांत ते उत्तम. पण आपल्या मे महिन्यात हवा ४३ अंशांवर जाते आणि गडद रंगाचा पत्रा उन्हात सत्तरच्या घरात पोहोचतो. डब्यात कार्नोबाबरोबर दुसरी मऊ मेणे आणि तेले असतातच. माझ्या अनुभवात इथल्या उन्हाळ्यात ते सहा-आठ आठवडे टिकते, त्याहून जास्त सांगू नये. सिंथेटिक सीलंट काही महिने जाते आणि शेतात, रस्त्यावर राबणाऱ्या गाडीला मला तेच योग्य वाटते. सिरॅमिक कोटिंग चांगले आहे, पण '९एच' म्हणजे गाडी दगडासारखी झाली असे सांगणे बंद करा. तो पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. कोटिंग केलेल्या गाडीवर राखेचे ओरखडे पडतात आणि बोअरच्या पाण्याचे डागही पडतात.

नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर मात्र घाई नको. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेकिंग बूथ नाही, रंग हवेवर सुकतो. त्याला निदान महिना-दीड महिना वॅक्सशिवाय राहू द्यावे. आणि रंगाच्या खोलीशेजारी सिलिकॉनचे टायर पॉलिश मारू नये. पुढच्या फवाऱ्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे का आले याचा शोध मग आठवडाभर चालतो.

राहिला परवाचा दसरा. पूजा झालेली गाडी दोन दिवसांनी धुवायला येईल तेव्हा वाळलेले हळदकुंकू फडक्याने खरवडू नका. पाणी सोडून फुगू द्या, वाहून जाऊ द्या. सुकलेल्या हाराची पाकळी काचेच्या रबरात अडकते, ती बोटाने काढा. आणि या वर्षीपासून जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: मीटरचे आकडे, तारखेसह, गाडी आत येताना आणि बाहेर जाताना. कार्डाची एक प्रत मालकाला द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो दुसऱ्याकडे गेला तरी आकडा त्याच्याबरोबर जाईल. पहिले माप छताचे घ्या.