जुना फोन दुकानात देण्याआधी



दिवाळी झाली, लग्नसराई आली की घरोघरी नवे फोन येतात. आणि पाठोपाठ एक वाक्य ऐकू येतं, "दुकानदाराने सगळं नव्या फोनमध्ये टाकून दिलं." माझं भांडण या वाक्याशीच आहे. सगळं म्हणजे काय? कोणी पाहिलं? कोणी मोजलं? कामरगावच्या आपण बायका मोठ्या खरेदीला कारंज्याला नाहीतर अमरावतीला जातो. साडी घेताना पदर, काठ, आतली बाजू उलगडून पाहतो. फोनच्या दुकानात मात्र जुना फोन काउंटरवर ठेवतो, एक्स्चेंजचे दोन पैसे सुटले म्हणून खूश होतो आणि बस धरतो. पर्युषणात सासूबाईंच्या आवाजातली आरती लावायला जावं तर ती कुठेच नसते. तोवर जुना फोन पुसून कोणाच्या तरी हाती गेलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या फोनमधलं नव्या फोनमध्ये नेणं हे दुकानदाराचं काम नाही, मुलाचंही नाही. ज्या बाईचा फोन, तिचं ते काम आहे. हात कोणाचाही लागो, तपासायचं तिनेच. आणि तपासून होईपर्यंत जुना फोन घराबाहेर जाता कामा नये.

आता "सगळं" म्हणजे काय ते बघू. गूगलच्या बॅकअपमध्ये नंबर, मेसेज, कॉलची यादी, अ‍ॅप आणि सेटिंग येतात. फोटोंचा बॅकअप चालू केलेला असेल तर फोटो येतात. पण व्हॉइस रेकॉर्डरमध्ये टेप केलेला आवाज बहुतेक वेळा त्यात येत नाही, तो वेगळा उचलून न्यावा लागतो. म्हणजे बाजारात पुन्हा मिळेल ते सगळं येतं, आणि आजीने म्हटलेली जुनी मराठी पदं, जी कोणत्याच पुस्तकात नाहीत, ती मागे राहतात. व्हॉट्सअ‍ॅप तर वेगळंच आहे. ते त्याच नंबरवर, त्याच्या स्वतःच्या बॅकअपमधून किंवा दोन्ही फोन शेजारी ठेवून कोड स्कॅन करूनच नेता येतं. दुकानात गर्दी असताना तो पोरगा हे सगळं बघत बसेल का? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी तो एक फोन आहे, आपल्यासाठी घर आहे.

"क्लाऊडवर असतं की सगळं," असं शिकलेली मुलं म्हणतात. कोणाच्या क्लाऊडवर? मला याचाच जास्त राग आहे. आपल्याकडे नवा फोन मुलाला किंवा नवऱ्याला येतो आणि त्यांचा जुना आईकडे येतो. त्यात खातं मुलाचंच राहतं. आई वर्षानुवर्षं फोटो काढते, विहाराला आलेल्या माताजींचं प्रवचन टेप करते, आणि सगळं जातं मुलाच्या खात्यात. एक दिवस त्याची जागा भरते, कारण गूगलची फुकट जागा 15 जीबीच आहे आणि जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. मग तो पुण्यात बसून "हे काय गुड मॉर्निंग भरलंय" म्हणत पुसून टाकतो. आईला विचारत नाही, कारण तिचं असं काही त्यात असेल हे त्याच्या मनातच येत नाही. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लावून तिजोरी आपली कशी म्हणायची? आणि खातं स्वतःचं असलं तरी ते वापरात लागतं. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर ते पुसण्याचा नियम गूगलने केलेला आहे. वारलेल्या माणसाचं खातं आपोआप जपलं जाईल या भरवशावर राहू नका.

काही जणी म्हणतील, फोनचं एवढं काय? तर आपल्या तालुक्याकडेच बघा. कारंज्याच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार आहेत. त्या पोथ्या टिकल्या त्या कोणीतरी जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवल्या म्हणून. पुष्पदंतांचं जसहरचरिउ 1931 मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत आणि णायकुमारचरिउ 1933 मध्ये छापलं गेलं, ते असे भांडार जपले म्हणूनच.

षट्खंडागमावरच्या धवला टीकेची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. ती मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. लोक तिचं फक्त दर्शन घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नक्कल करायचं काम सुरू झालं. गजपती उपाध्याय यांनी एक नक्कल गुपचूप तयार केली, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा हात होता. ती नक्कल सहारनपूरला गेली, तिथून नागरी नकला निघाल्या, एक आराला गेली, एक आपल्या कारंज्याला आली. या नकलांवरून डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीत संपादन केलं आणि 1939 मध्ये पहिला भाग निघाला. एका बाईच्या अक्षराशिवाय ही साखळी पुरी होत नाही, हे लक्षात ठेवा.

पण नकलांमध्ये एक शब्द गळला होता. पहिल्या खंडातलं 93 वं सूत्र, तेही मनुष्यिणींबद्दलचं, त्यात "संजद" शब्द नव्हता. संपादकांना शंका आली, त्यांनी तळटीप दिली. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिलं तेव्हा तो शब्द तिथे सापडला. त्या एका शब्दावरून समाजात केवढा वाद झाला हे जाणकारांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मूळ प्रत शाबूत होती म्हणून शब्द परत मिळाला. नक्कल झाली म्हणून कोणी ताडपत्रं रद्दीत घातली नव्हती. आपण मात्र नक्कल उघडून न बघताच मूळ विकून मोकळ्या होतो.

आता अपरिग्रहाचा मुद्दा. मंदिरात एका ताईंनी विचारलं, "जैन असून जुन्या फोटोंचा एवढा मोह?" मोह कशाचा ते आधी ठरवू. अकरा हजार फॉरवर्ड, एकाच लग्नाचे चारशे फोटो, सेलच्या जाहिराती, हा परिग्रह. तो आपण बिनदिक्कत एका फोनवरून दुसऱ्यावर वाहतो. त्याला पुसायला कोणाची ना नाही. पण निष्काळजीपणे हरवून बसणं म्हणजे त्याग नव्हे, त्याला आपल्याकडे प्रमाद म्हणतात. समजून, बघून सोडलं तर तो त्याग. वस्तू उचलतानाही बघून उचला, ठेवतानाही बघून ठेवा, हे मुनींसाठी आदाननिक्षेपण समितीत सांगितलंय. आपण श्रावकांनी त्यातलं निदान फोनपुरतं तरी घ्यावं.

म्हणून एवढं करा. फोन तुमचा तर खातंही तुमचंच असू द्या, आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तोही लिहा, विसरलात तर तो बॅकअप कोणीच उघडून देऊ शकत नाही. बदलण्याआधी नको ते पुसा. आवाजाची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर वेगळी उतरवा आणि नाव द्या, कोणाचा आवाज, कोणतं पद, कोणतं साल. नव्या फोनवर जुन्यातल्या दहा गोष्टी स्वतः उघडून बघा, आवाज शेवटपर्यंत ऐका. पैशांची अ‍ॅप नव्यावर पुन्हा नोंदवून चालतात का ते बघा. महिनाभर जुना फोन घरात ठेवा. मगच त्यातून खातं काढा, तो पूर्ण पुसा आणि द्या. एक्स्चेंजचे पैसे कमी मिळाले तर मिळू द्या.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण शास्त्रं काढतो, झटकतो, नवं वेष्टन घालतो. यंदा त्याच दिवशी पेनड्राइव्हही काढा आणि लावून बघा, चालतो का. घरातल्या म्हाताऱ्यांचा आवाज अजून टेप केला नसेल तर तोही त्या दिवशी करा. हे काम दुकानात होत नाही.

जय जिनेंद्र.