बुमराच्या चार ओव्हर सोडून बोला

तुमच्या कट्ट्यावर या हिवाळ्यात मुंबई इंडियन्सवरून एकदाही भांडण झालं नसेल, तर तुम्ही सगळे चेन्नईवाले आहात किंवा सगळ्यांचं सबमिशन बाकी आहे. कोपरगावात आमच्या चहाच्या टपरीवर हा विषय १६ डिसेंबरपासून पेटलाय तो अजून विझायचं नाव घेत नाही. त्या दिवशी अबू धाबीत लिलाव होता. कोलकात्याच्या खिशात ६४ कोटी ३० लाख आणि आपल्या मुंबईच्या खिशात २ कोटी ७५ लाख. कोलकात्यानं मथीशा पथिरानासाठी १८ कोटी मोजले तेव्हा आमच्यातला एक जण मोबाइल टेबलावर उलटा ठेवून म्हणाला, "काय राव, लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन आल्यासारखं वाटतंय."

मुंबईनं घेतला कोण? एक कोटीत क्विंटन डी कॉक आणि प्रत्येकी ३० लाखांचे चार नवखे. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ट्रेडमधून लखनौकडून शार्दूल ठाकूर (२ कोटी), गुजरातकडून शेर्फेन रुदरफोर्ड आणि कोलकात्याकडून लेगस्पिनर मयांक मार्कंडे. अर्जुन तेंडुलकर लखनौला गेला. मागं एकदा, २०१९ मध्ये, मुंबईनं मार्कंडेला दिल्लीला देऊन बदल्यात रुदरफोर्ड घेतला होता. आता दोघंही एकाच ड्रेसिंग रूममध्ये. हिशेब फिटला म्हणायचा.

टपरीवर तीन पार्ट्या पडल्यात. पहिलीचं म्हणणं, शार्दूलला कशाला घेतला, धावा देतो. दुसरीचं म्हणणं, मलिंगा आणि पारस म्हांब्रे असे दोन-दोन बोलिंग कोच कशाला, एकाला काढा. तिसरी पार्टी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात निवांत: "बुमरा आहे ना? मग झालं." मी या तिन्ही पार्ट्यांत नाही. "तुला काय कळतंय बोलिंगमधलं" हे वाक्य ऐकून झालंय, त्यामुळे या पानावर लिहून दाखवते.

साधं गणित करा. टी-ट्वेंटीत एका बोलरला चारच ओव्हर. जसप्रीत बुमरा कितीही भारी असला तरी २० पैकी १६ ओव्हर दुसरं कोणीतरी टाकणार आहे. आणि मुंबईच्या गेल्या चार हंगामांचा सगळा चढउतार त्या सोळा ओव्हरमध्ये लपलाय.

आपल्याकडं 'ऑफ सिझन' हा शब्द क्रिकेटनं नाही, साखर कारखान्यानं शिकवला. गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला की मिलचे रोलर काढतात, घासले का बघतात, बेअरिंग बदलतात. कारखान्यात नोकरी केलेले आमच्या गल्लीतले एक काका सांगतात, ऑफ सिझनला रोलर उघडून न बघता नुसता रंग मारला तर डिसेंबरात ऊस गेटवर आणि मिल बंद. मुंबईनं २०२२ च्या लिलावात तेच केलं. चारच खेळाडू राखता येत होते, त्यामुळे ट्रेंट बोल्ट सुटला हे समजू शकतो. २०२० च्या विजेतेपदात २५ बळी घेणारा हा माणूस लिलावात राजस्थाननं ८ कोटींना नेला. मुंबईनंही ८ कोटीच खर्च केले, पण जोफ्रा आर्चरवर, आणि तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असताना. नाव मोठं होतं. त्या वर्षी मुंबई शेवटची आली. पुढच्या वर्षी आर्चर आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेऊन परत गेला.

त्याच २०२३ मध्ये बुमरा पाठीच्या दुखापतीमुळे पूर्ण हंगाम बाहेर होता. म्हणजे सोळा नाही, वीसच्या वीस ओव्हरचा प्रश्न. तरी मुंबई प्ले-ऑफला गेली आणि एलिमिनेटरमध्ये आकाश मधवालनं लखनौचे पाच जण पाच धावांत काढले. मधवाल रुरकीचा इंजिनीअर. विशी उलटून बरीच वर्षं होईपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. बदली खेळाडू म्हणून २० लाखांत आलेला. आर्चरचे आठ कोटी आणि मधवालचे वीस लाख एकमेकांशेजारी ठेवून बघा.

२०२४ ला पुन्हा शेवटचा नंबर. १४ पैकी चार विजय. मग मात्र ऑफ सिझनला रोलर खरोखर उघडले. मार्क बाऊचर गेला, तीन विजेतेपदं मिळवून दिलेला महेला जयवर्धने मुख्य कोच म्हणून परत आला. भारतीय संघाचं काम संपवून आलेला पारस म्हांब्रे मलिंगाच्या जोडीला बसला. जेद्दाच्या लिलावात बोल्ट १२ कोटी ५० लाखांना आणि दीपक चहर ९ कोटी २५ लाखांना घेतला. म्हणजे पैसा सरळ नव्या चेंडूवर लावला. २०२५ मध्ये बुमरा पहिले चार सामने नव्हता आणि पहिल्या पाचपैकी चार आपण हरलो, हे खरं. पण पुढं सलग सहा जिंकलो, बोल्टनं हंगामात २२ बळी घेतले, बुमरानं १८. शेवटून पहिल्या नंबरावरून थेट क्वालिफायर-२.

आणि तिथं काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. १ जून, अहमदाबाद. मुंबईच्या २०३ धावा. दोनशेच्या पुढं धावसंख्या लावून मुंबई त्याआधी आयपीएलमध्ये कधीच हरली नव्हती. बुमराच्या चार ओव्हरमध्ये ४० गेल्या, बळी एकही नाही. १९ वी ओव्हर आली अश्वनी कुमारकडं. श्रेयस अय्यरनं त्याला चार षटकार मारले आणि सामना तिथंच संपला. आमच्या पोरांनी त्या रात्री अश्वनीला काय काय म्हटलं ते या पानावर छापता येणार नाही. पण हाच अश्वनी ३१ मार्चला वानखेडेवर पहिल्याच सामन्यात कोलकात्याचे चार बळी घेऊन गेला होता. पदार्पणात असं करणारा पहिला भारतीय. त्याचा पहिलाच चेंडू आणि पहिला बळी अजिंक्य रहाणे. (रहाणे मूळचा आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातला, त्यामुळे तेव्हा टाळ्या वाजवायच्या का नाही असा प्रश्न पडला होता.) ३० लाखांचा पोरगा आहे तो. त्याला क्वालिफायरची १९ वी ओव्हर टाकावी लागली, कारण बुमरा आणि बोल्टनंतर तिसरा माणूसच नव्हता. राग धरायचाच तर त्या रिकाम्या जागेवर धरा.

म्हणून शार्दूल. पहिल्या पार्टीनं आकडे काढून ठेवलेत आणि आकडे खोटे नाहीत: २०२५ मध्ये लखनौकडून १० सामन्यांत १३ बळी, पण ओव्हरमागं ११ च्या वर धावा. तो काही डेथ ओव्हरचा राजा नाही. पण अनुभव आहे, बॅटिंग येते आणि किंमत दोन कोटी. बोल्ट ३६ चा झालाय, चहरला दुखापती नव्या नाहीत, बुमराला तर इंग्लंडमध्येही पाचपैकी तीनच कसोटी खेळवल्या होत्या. अशा बोलिंगला एक जुनाजाणता स्पेअर पार्ट लागतोच. माझ्या मते हा सौदा स्वस्तात झाला. शिवाय गंमत बघा, २०१९ च्या फायनलच्या शेवटच्या चेंडूवर मलिंगानं ज्याला पायचीत करून मुंबईला एका धावेनं कप मिळवून दिला, तो बॅट्समन शार्दूलच होता. आता मलिंगा त्याचा कोच.

आता कोचचं भांडण. "कोच काय करतो, बोलिंग तर बोलरच टाकतो," हे दुसऱ्या पार्टीचं पालुपद. १३ एप्रिल २०२५ चा दिल्लीचा सामना आठवा. करुण नायर धुलाई करत होता, मॅच हातातून चालली होती. डगआऊटमध्ये रोहित शर्मा, जयवर्धने आणि म्हांब्रे यांचं काहीतरी खलबत सुरू असलेलं कॅमेऱ्यानं दाखवलं. दव पडलेला चेंडू बदलून घेतला, लेगस्पिनर कर्ण शर्माला आणलं. स्टब्ज गेला, राहुल गेला, आपण १२ धावांनी जिंकलो. ती एक ओव्हर कोणाला द्यायची हे बाहेर बसून ठरलं होतं. मलिंगाचे १७० आयपीएल बळी सगळे मुंबईसाठी, यॉर्कर कसा टाकायचा हे त्याच्यापेक्षा कोण सांगणार? म्हांब्रे तीन वर्षं भारतीय संघाचा बोलिंग कोच होता, बुमराच्या पाठीवर किती भार टाकायचा हे त्यानं जवळून बघितलंय. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाला काढून काय वाचणार?

आणि मोठं नाव म्हणजे चांगला कोच, हे आपल्या जिल्ह्यानं तरी म्हणू नये. झहीर खान श्रीरामपूरचा. दौंड-मनमाड लाइनवर पुणतांब्याच्या पुढं. जुलै २०१७ मध्ये सल्लागार समितीच्या शिफारशीवरून तो भारताचा बोलिंग सल्लागार होणार अशी घोषणा झाली, आणि आठवड्याभरात रवी शास्त्रीच्या पसंतीनं भरत अरुण बोलिंग कोच झाला. मी तेव्हा आठवीत होते आणि मला आठवतंय, घरात टीव्हीसमोर सगळे चिडले होते. ३११ कसोटी बळींचा आपला माणूस सोडून हा कोण आणला? अरुण स्वतः दोनच कसोटी खेळलेला. दीड वर्षानं याच अरुणच्या हाताखालच्या बुमरा, शमी, ईशांतनं ऑस्ट्रेलियात मालिका जिंकायला मदत केली, भारतानं तिथं जिंकलेली पहिली. झहीर वाईट कोच ठरला असता असं मी म्हणत नाही. बोलर म्हणून मोठं असणं आणि दुसऱ्याकडून बोलिंग करून घेणं या दोन नोकऱ्या आहेत, एवढंच.

माझी खरी तक्रार स्पिनची आहे, आणि त्यावर टपरीवर कोणी बोलतच नाही. कर्ण शर्माला सोडलं. विघ्नेश पुथूरलाही सोडलं. मलप्पुरमच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा, डावखुरा रिस्ट स्पिनर, केरळच्या सीनियर संघाकडून एकही सामना न खेळलेला. केरळच्या राज्य लीगमध्ये मुंबईच्या स्काऊटनी बघितला, ३० लाखांत घेतला आणि त्यानं पहिल्याच सामन्यात चेन्नईच्या तिघांना काढलं, त्यात आपला ऋतुराजही. मग दुखापत झाली, हंगाम अर्धवट राहिला, नोव्हेंबरमध्ये नाव यादीतून गायब. राजस्थाननं त्याला पुन्हा ३० लाखांतच उचलला. दुसरीकडं ४ कोटी ८० लाखांचा गझनफर, जो २०२५ मध्ये दुखापतीमुळे मुंबईसाठी एक चेंडूही टाकू शकला नाही, तो कायम. गझनफरला ठेवणं चूक नाही, पण दुखापत दोघांनाही झाली होती. एकाला थांबायची मुभा मिळाली, एकाला नाही. मधवालचंही तेच झालं, त्या पाच बळींनंतर दोन वर्षांत तो राजस्थानात. शोधायला मुंबईसारखी नजर दुसऱ्या कोणाची नाही आणि सोडायलाही मुंबई मागंपुढं बघत नाही.

नव्या चौघांत मुंबईचाच अथर्व अंकोलेकर आहे, आई बेस्टमध्ये कंडक्टर, २०१९ च्या अंडर-१९ आशिया कप फायनलमध्ये पाच बळी घेतलेला डावखुरा स्पिनर. त्याला किती दिवस देतात ते मी बघणार आहे.

हे मला एवढं का लागतं ते सांगते. आमच्या टपरीवर एक जण आहे. नाव लिहिलं तर मारेल. टेनिस बॉलच्या स्पर्धेत त्याचा यॉर्कर असा पडतो की समोरचा बॅट्समन आधी स्टंपकडं बघतो आणि मग पायाकडं. लिलाव सुरू असताना तो बोलत नाही, फक्त ३० लाखांची नावं आली की कान टवकारतो. "पोरगा आला कुठून" एवढंच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा राज्याची लीग हेच असतं. विघ्नेश केरळच्या लीगमधून आला, अश्वनी पंजाबच्या. आपली महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला सुरू झाली. पहिल्या तीन हंगामांत पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर, संभाजीनगर, सातारा, रायगड अशी नावं आली-गेली. झहीर आणि रहाणेच्या जिल्ह्याच्या नावाचा संघ नाही. कोपरगावचा मुलगा क्रिकेटच्या नकाशावर मुंबईचा नाहीच, तो महाराष्ट्र संघटनेत येतो. आणि त्या संघानं याच ऑफ सिझनला केरळकडून जलज सक्सेना आणला, रणजीत ४०० बळी आणि सहा हजार धावा करणारा पहिला खेळाडू, तेव्हा आमच्या टपरीवर त्यावर एक चहासुद्धा झाला नाही. मीही त्या दिवशी पथिराना कुठं जाणार याचे अंदाज बांधत होते.

झहीरला सतरा-अठराव्या वर्षी श्रीरामपूर सोडून मुंबई गाठावी लागली आणि पहिली रणजी खेळायला मिळाली ती बडोद्याकडून. आमच्या मित्राचं वय आता एकवीस. मधवालचं उदाहरण मी त्याला दोनदा ऐकवलंय. तो म्हणतो, "त्याला कोणीतरी बघितलं ना."

सध्या टपरीवर नवीन पैज लागलीय. पहिल्या सामन्यात १९ वी ओव्हर कोण टाकणार? बुमरा असं म्हणणाऱ्याला पैजेत घेत नाही. तिघांनी शार्दूल लिहिलंय, एकानं चहर, एकानं हार्दिक. मी आणि त्या यॉर्करवाल्यानं अश्वनी लिहिलंय. हरलो तर आठवडाभराचा चहा आमच्याकडं.