धान्य मोफत, वाट महाग

अन्नधान्याच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते. सरकारी कोठारांत साठा किती आहे हा एक आकडा आणि ते धान्य कोणत्या भावाने दिले जाते हा दुसरा. या दोन्ही कसोट्यांवर आजची स्थिती समाधानकारक दिसते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातील सुमारे ७ कोटी लोकांना स्वस्त धान्याचा हक्क मिळाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य देण्याचे बंधन शासनावर आले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच राहील, असा निर्णय केंद्र सरकारने घेतला. या निर्णयांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिसरा एक आकडा असा आहे की ज्याची विचारपूस क्वचितच होते. तो म्हणजे रेशन दुकानापासून चुलीपर्यंतच्या अंतराचा. दुकानात विनामूल्य मिळालेले धान्य घरी पोहोचेपर्यंत विनामूल्य राहतेच असे नाही, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाकडे पाहावे.

धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचा हा प्रदेश सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसला आहे. तीनशेहून अधिक गावे डोंगरउतारांवर आणि सिपना, गडगा, खापरा या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेली आहेत. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. धारणीहून जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. परंतु खरी अडचण या दीडशे किलोमीटरांची नसून ढाण्यापासून दुकानापर्यंतच्या वाटेची आहे. ज्या वस्तीत दुकान नाही तेथील बाईला धान्यासाठी शेजारच्या गावी जावे लागते. रस्ता असेल तर भाड्याची जीप, नसेल तर पायवाट. त्या दिवसाची मजुरी बुडते. दुकानावर गेल्यावर अंगठा उमटला नाही, यंत्राला ‘रेंज’ मिळाली नाही किंवा माल आलेला नाही असे कळले, तर दुसरी फेरी आणि दुसरा रोज. पावसाळ्यात नाले भरले की हीही वाट बंद होते. पूर्वी धान्याची किंमत दुकानदाराला द्यावी लागे. आता ती जीपवाल्याला आणि बुडालेल्या रोजाला द्यावी लागते.

जेथे राहणाऱ्यांना पोटापुरते सकस अन्न वाजवी अंतरावर मिळत नाही, अशा प्रदेशाला पाश्चात्य देशांत ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणतात. हा शब्दप्रयोग १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्कॉटलंडमध्ये रूढ झाला. अमेरिकेच्या शेतकी खात्याने त्याला मोजमाप दिले: शहरात मोठे किराणा दुकान १ मैलाहून आणि ग्रामीण भागात १० मैलांहून दूर असेल, तर त्या वस्तीला अन्न दुर्लभ समजावे. घरोघर मोटारी असलेल्या देशाची ही फूटपट्टी मेळघाटाला लावणे हास्यास्पद ठरेल. डोक्यावर ओझे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला १० मैल म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंतचा दिवस. पण त्या मोजमापामागील विचार घेण्यासारखा आहे. अन्न मिळते की नाही, हे ते किती दूर आहे यावरूनही ठरते, एवढी गोष्ट तेथील शासनाने कागदावर मान्य केली.

मेळघाटाकडे शासनाचे लक्षच नाही, असा आरोप मात्र कोणी करू नये. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्यासाठी मुंबईतील धारावीबरोबर निवडले गेले ते धारणी. १९९३ मध्ये येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले आणि १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यापूर्वीच दुर्गम गावांत चार महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवावे, हा शहाणपणाचा विचार तिच्यात होता. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात वेळोवेळी सरकारला जाब विचारला. २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा ताजा आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. २०१६ मध्ये याच तालुक्यातील हरिसालला देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून नावाजले गेले. एवढे सारे होऊनही कुपोषणाचे नाव निघाले की मेळघाटाचेच नाव का निघावे? कारणे अनेक आहेत. कमी वयातील लग्ने, रक्तक्षय, वैद्यकीय मदतीची दुर्लभता, कामासाठी होणारे स्थलांतर ही त्यांतील काही. अंतर हे एकमेव कारण नव्हे. पण उरलेले प्रत्येक कारण अंतरामुळे अधिक बिकट होते, हे नाकारता येणार नाही.

अंतर मोजण्याची कला आपल्या शासनाला अवगत नाही, असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असे ठरवून दिले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम ५ किलोमीटरच्या आत देण्याचे बंधन घातले होते. त्यापलीकडे जावे लागले तर १० टक्के अधिक मजुरी द्यावी लागे. अन्नाच्या बाबतीत मात्र कायद्याने हातचे राखून ठेवले. अन्नसुरक्षा कायद्याचे ३० वे कलम दुर्गम, डोंगरी व आदिवासी भागांकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगते. २०१५ चा वितरण नियंत्रण आदेश कार्डधारकाला दुकानासाठी लांब जावे लागू नये असे म्हणतो. ‘लांब’ म्हणजे किती, याचे उत्तर मात्र त्यांत नाही. जो नियम आकडा सांगत नाही, तो मोडला गेला हे सिद्ध करणे कोणालाही शक्य नसते. राज्याने धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कायद्याने स्पष्टपणे घेतली. त्या दारापासून पुढची वाट आदिवासी बाईच्या पायांवर सोडली.

शिवाय दुकानात मिळते ते गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, दूध, अंडी यांसाठी आठवडी बाजार गाठावा लागतो, म्हणजे पुन्हा तीच वाट आणि वर रोख पैसा. केवळ धान्याने पोषण होत नाही हे शासन जाणते. २०२० मध्ये खावटी योजनेचे पुनरुज्जीवन करताना आदिवासी कुटुंबाला द्यावयाच्या ४००० रुपयांपैकी निम्मी मदत डाळी, कडधान्ये, तेल, मीठ अशा वस्तूंच्या रूपाने देण्याचे ठरले, ते यामुळेच. पण ती मदत नैमित्तिक होती. भूक मात्र नैमित्तिक नसते. एके काळी कोदो, कुटकी आणि ज्वारी येथल्या शेतात पिके. कंद, रानभाज्या, मोह आणि नदीतील मासे जंगल देत असे. शेतात सोयाबीन आले. जंगलात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आला. जे अन्न दारात होते ते दूर गेले आणि त्याच्या जागी जे आले तेही दूरच राहिले.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की धान्याऐवजी पैसे द्यावेत. २०२३ मध्ये राज्याने अमरावतीसह १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्यास सुरुवात केलीच आहे. परंतु पैशाने अंतर कमी होत नाही. ते खात्यात जमा होतात, खात्यासाठी बँक गाठावी लागते आणि बँकेनंतर बाजार. एका वाटेच्या जागी दोन वाटा चालावयास लावणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान वस्तीत दुकान परवडत नाही, असे म्हणतात आणि ते खरे आहे. दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मिळत. २०२५ मध्ये ते १७० करण्याचा निर्णय झाला. ५० अंत्योदय कुटुंबांच्या वस्तीत महिन्याला साडेसतरा क्विंटल धान्य वाटले, तरी दुकानदाराच्या हाती तीन हजार रुपयेही येत नाहीत. त्यात जागा, हमाली आणि वेळ. परंतु यातून निघणारा निष्कर्ष दुकान नको असा नसून मोबदल्याची पद्धत चुकीची आहे, असा आहे. वजनावर कमिशन देणारी व्यवस्था दाट वस्तीला धार्जिणी आणि विरळ वस्तीला मारक ठरणारच. शाळेतील गुरुजींचे वेतन कोणी विद्यार्थ्यांच्या वजनावर ठरवीत नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. दुर्गम तालुक्यांसाठी दुकानाचे कमाल अंतर राज्याने नियमात आकड्याने लिहावे. ३ किलोमीटरहून ते अधिक असू नये. जेथे ते शक्य नाही तेथे ठरलेल्या दिवशी धान्याची गाडी वस्तीवर जावी, आणि तीही न गेल्यास रोजगार हमीच्या धर्तीवर कार्डधारकाला वाटखर्च मिळावा. लहान वस्त्यांतील दुकाने तेथल्या महिला बचत गटांकडे देऊन त्यांना ठराविक मासिक मानधन द्यावे. यंत्र चालले नाही म्हणून कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवू नये. नोंदवहीतील सही पुरेशी मानावी. पावसाळ्यापूर्वीचा साठा केवळ तालुक्याच्या गोदामात नव्हे, तर नाल्यापलीकडच्या गावात पोहोचला की नाही हे ग्रामसभेसमोर तपासावे. आणि कुटकी, कोदो, ज्वारी यांची खरेदी मेळघाटातच करून ते धान्य मेळघाटातच वाटावे. शेजारच्या शेतातील अन्नाला घाट चढावा लागत नाही.

यासाठी लागणारा खर्च धान्यावर होणाऱ्या एकंदर खर्चाच्या मानाने नगण्य आहे. अडचण पैशाची नसून दृष्टीची आहे. गोदामातून माल बाहेर पडला की काम संपले, अशी सरकारी हिशेबाची रीत आहे. त्या हिशेबात धान्य ‘उचलले’ जाते. ते कोणी, किती दूर आणि किती रोज बुडवून उचलले याची नोंद होत नाही. हक्क कायद्याने दिला असेल, तर त्याच्यापर्यंत जाण्याची वाटही कायद्यानेच दिली पाहिजे. ती दिली जात नाही तोवर कोठारातील साठ्याचे आकडे कितीही वाढले, तरी मेळघाटातील चुलीला त्यांचा उपयोग नाही.