कोळ्यांचा बंदोबस्त : आधी पान उलटावे, मग पैसा खर्चावा

बालाघाटच्या डोंगरातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वश्रुत आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा भरून वाहतो. उन्हाळ्यात मात्र या परिसराला बीड जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच कोरडी, तापलेली हवा सोसावी लागते. हीच हवा लाल कोळ्याला मानवते. परसबागेतील वांगी, भेंडी, घेवडा, झेंडू व गुलाब यांच्या पानांवर प्रथम बारीक पांढरट ठिपके दिसतात, मग पाने पिवळी पडून वाळतात व शेंड्यांवर जाळी धरते.

अशा वेळी हाताशी असेल ते कीटकनाशक फवारण्याची रीत पडली आहे. ही रीत खर्चाची तर आहेच, शिवाय घातकही आहे. कोळी हा कीटक नव्हे. त्यास आठ पाय असतात. पुष्कळशी कीटकनाशके त्यास मारीत नाहीत, परंतु त्यास खाणारे ढालकिडे व परभक्षी कोळी मात्र मारतात. त्यामुळे फवारणीनंतर कोळी कमी न होता वाढतात, आणि शेतकरी अधिक जालीम औषधाच्या मागे लागतो. ज्या झाडाची भेंडी दिवसाआड तोडून मुलांच्या ताटात जाते, त्यावर असे विष घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. कोळ्यांवर एकेकाळी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल केंद्र शासनाने २०२३ मध्ये बंदीखाली आणले आहे. घरात त्याची जुनी बाटली असल्यास ती मुळीच वापरू नये.

स्वस्त उपायाचा आरंभ पान उलटण्यापासून होतो. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. पान पांढऱ्या कागदावर झटकले असता हलणारे बारीक ठिपके दिसले, तर ते कोळी समजावेत. फार ग्रासलेली पाने तोडून जाळावीत. नंतर पानांच्या खालच्या बाजूवर पिचकारीने जोराने पाणी मारावे. पाण्याची टंचाई असता हे कसे करावे, असा प्रश्न कोणी विचारील व तो रास्त आहे. परंतु दहा-बारा झाडांना बादलीभर पाणी पुरते आणि तेच ओघळून मुळाशी जाते. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. तहानलेल्या व धुळीने माखलेल्या झाडांवर कोळी लवकर वाढतात, हे ध्यानात ठेवावे.

एवढ्याने न भागल्यास निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांचा अर्धा किलो गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, त्यात २० ग्रॅम साधा साबण विरघळवून एकूण १० लिटर द्रावण करावे व सायंकाळी फवारावे. अंडी यातून वाचतात. म्हणून सात दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. तरीही प्रादुर्भाव राहिल्यास पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यास २० ते २५ ग्रॅम घ्यावे. मात्र ते कडक उन्हात किंवा वेलवर्गीय भाज्यांवर वापरू नये.

निंबोळ्या पावसाळ्याच्या आरंभी झाडाखाली फुकट पडतात व बहुधा कुजून जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या वेळी घरोघरी दोन-तीन किलो निंबोळ्या वेचून, सावलीत वाळवून ठेवावयास लावल्या, तर पुढील उन्हाळ्यात औषधाच्या दुकानाची पायरी चढण्याचे कारण क्वचितच उरेल. कार्यकर्त्याचा सल्ला दुकानापासून नव्हे, पानाच्या पाठीपासून सुरू झाला पाहिजे.