पहिलं झाड उपटणाऱ्याचे पैसे कोण देणार?

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शहापूरच्या बाजारात माझं कृषी केंद्र आहे. बावीस वर्षं औषधं विकतोय. पुढे जे लिहिणार आहे ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ऑगस्ट लागला, चार दिवस ढग बसले आणि रिमझिम सुरू झाली, की माझ्या काउंटरवर पानं यायला लागतात. कोणी पिशवीत गुंडाळून आणतो, कोणी मोटारसायकलच्या डिकीत, कोणी नुसता फोटो दाखवतो. पान कोवळं असतं, केळीच्या मृगबागेचं. त्यावर शिरांना धरून पिवळट पट्टे, कडा आत वळलेल्या, पान अरुंद झालेलं. रोग पुढे गेला असेल तर पोंगा हाताने ओढला तरी सुटून येतो. त्याचं खालचं टोक काळं पडलेलं असतं आणि त्याला एक आंबूस घाण वास असतो. दुकानातली सगळी औषधं एकत्र केली तरी तो वास नाकातून जात नाही. याला जुनी माणसं हरण्या म्हणतात. विद्यापीठाच्या पुस्तकात तो कुकुंबर मोझॅक व्हायरस आहे. 2020 च्या पावसाळ्यापासून बऱ्हाणपूर-रावेरच्या पट्ट्यात लहान पोरंसुद्धा सीएमव्ही म्हणतात.

पान पुढे सरकवून माणूस विचारतो, "काय मारू, भाऊ?"

खरं उत्तर आहे, काहीच नाही. पण हे ऐकायला कोणी पंधरा किलोमीटर पेट्रोल जाळून येत नाही. मी नाही म्हटलं तर पुढचं दुकान हो म्हणतं. म्हणून मीही बरीच वर्षं काही ना काही देत आलो. एक मावा मारायची बाटली, एक टॉनिक, एक स्टिकर. दोन हजारांचं बिल व्हायचं. माणूस समाधानाने जायचा, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच शेताचं आणखी वाईट पान घेऊन परत यायचा.

बाटली का चालत नाही, हे मलाही उशिरा कळलं. हा विषाणू मावा पसरवतो, तोही आपला कपाशीवरचाच मावा. रोगट झाडात सोंड खुपसली की काही सेकंदांत विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडात सोंड गेली की तितक्याच वेळात आत उतरतो. औषधाने मावा मरतो, पण अर्ध्या तासाने, आणि तोवर त्याचं काम झालेलं असतं. उलट फवारणीने बिथरलेला मावा एका जागी न बसता चार झाडं जास्त फिरतो. आणि या विषाणूचा संसार काही केळीपुरता नाही. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, बांधावरचं तण मिळून हजाराच्या वर जातींच्या वनस्पतींत तो राहतो. आपण जूनमध्ये केळी लावतो, मध्ये मोकळी जागा दिसते म्हणून काकडी टाकतो आणि पलीकडे कपाशी असतेच. माव्याला याहून चांगली पंगत कोण वाढणार?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. 2020 मध्ये माझ्या तीन एकरांत पाच हजारांवर टिश्यू कल्चरची रोपं होती. जी-9 वाण, रोप सोळा रुपयांना. कुठल्या कंपनीची होती ते सांगण्यात अर्थ नाही. रोग रोपांबरोबर आला की शेजारच्या काकडीवरून, याचा पुरावा माझ्याकडे नाही. ऑगस्टच्या मध्यावर एका फेरीत अकरा झाडं दिसली. मी दुकानदार, मला कळायला हवं होतं. पण अकरा झाडांचे रोपासकट खत, ठिबक, मजुरी धरून पैसे डोळ्यांपुढे आले आणि वाटलं, चार दिवस बघू, उघडीप पडली की पान निघेल. आठ दिवसांत दीडशे झाडं झाली. सप्टेंबर संपता संपता सगळ्या शेतात रोटाव्हेटर घातला.

ते नुकसान माझं मला. बांधापलीकडच्या काकांचं मात्र अजून डोक्यात आहे. त्यांच्या शेतात माझ्याही आधी सात झाडं दिसली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी आधी त्या झाडांवर मावा मारला, मग झाडं मुळासकट काढून गोणीत भरली, शेताबाहेर खड्डा करून पुरली. दुसऱ्या आठवड्यात तीन निघाली, तीही काढली. पुस्तकात लिहिलंय तसंच सगळं केलं त्या माणसाने. तरी त्यांची बाग गेली, कारण बांधाच्या या बाजूला मी होतो, चार दिवस बघणारा. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या वर्षी कपाशीचं बी मात्र त्यांनी दुसऱ्या दुकानातून नेलं.

हल्ली सगळीकडे नैसर्गिक उपायांचा बोलबाला आहे आणि मी त्यांच्या विरोधात नाही, ते विकतोही. पण तिथेही लोक बाटलीच्याच हिशेबाने येतात. हरण्यावर जीवामृत ओतून विषाणू जात नाही, दशपर्णीनेही नाही. ज्याचा उपयोग होतो ते इतकं साधं आहे की कोणाला खरं वाटत नाही. केळीच्या चारी बाजूंनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या दाट दोन-तीन ओळी, आणि त्याही केळी लावायच्या आधी उगवलेल्या. बाहेरून येणारा मावा आधी ज्वारीवर उतरतो, दोन-चार ठिकाणी सोंड खुपसून बघतो, आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. सोंडेवर नुसता चिकटलेला असतो म्हणूनच तो इतका पटकन पसरतो, आणि म्हणूनच असा पुसलाही जातो. यात माझी विक्री किती? ज्वारीचं दोन किलो बी.

ट्रायकोडर्मा ही चांगली चीज आहे, पण ती बुरशीवर वाढणारी बुरशी आहे. विषाणूशी तिचा संबंध नाही. ती शेणखतात भिजवून, मुरवून, रोप लावायच्या आधी खड्ड्यात गेली पाहिजे. शिवाय ती जिवंत असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि दुकानावर पत्रा. त्या पत्र्याखाली महिनाभर तापलेल्या पुड्या मी जूनमध्ये विकल्या आहेत. त्यात बुरशी किती शिल्लक होती देव जाणे. नंतर शेतकरी म्हणाला, "जैविकमध्ये काही दम नाही," तेव्हा मी मान डोलावली. आता पुड्या घरात, थंड खोलीत ठेवतो. बायको कुरकुरते.

ट्रायकोडर्माची खरी गरज ज्या रोगाला लागणार आहे तो हरण्यापेक्षा मोठा आहे. पनामा मर, त्यातली टीआर-4 ही जात. त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने देशात ती जिथे जिथे सापडल्याचं सांगितलं त्यात बिहारचं कटिहार आहे, उत्तर प्रदेशातलं फैजाबाद आहे, सुरत आहे आणि आमचं बऱ्हाणपूरही आहे. खालची पानं कडेने पिवळी पडतात, मोडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात, खोड बुडाशी उभं चिरतं. असं खोड आडवं कापून बघा. पांढऱ्याशुभ्र खोडात तांबूस तपकिरी ठिपक्यांची रांगोळी दिसते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुरशीने बुजलेल्या असतात. शेतकरी म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि ठिबक तासभर जास्त सोडतो. ही बुरशी मातीत दशकंच्या दशकं नुसती पडून राहते. बुटाच्या चिखलाने जाते, कंदाने जाते, आणि भाड्याचा रोटाव्हेटर सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात फिरतो त्याच्या दात्यांनीही जाते. लखनौच्या केंद्रीय संस्थांनी तिच्यासाठी ट्रायकोडर्माचंच फ्युसिकाँट नावाचं औषध काढलंय. त्याचा उपयोग होतो, पण तेही आधीपासून आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

मग रोगाला दाद न देणारं वाणच का नाही काढत, असं लोक विचारतात. गव्हाचं निघतं, हरभऱ्याचं निघतं, केळीचं का नाही? कारण आपण खातो त्या केळीत बी नसतं. बी नाही म्हणजे दोन झाडांचा संकर करून लेकरं निवडायची सोय जवळजवळ नाहीच. माझ्या वडिलांच्या काळी इथे बसराई होती, श्रीमंती होती, कंद लावायचे. मग टिश्यू कल्चर आलं आणि जिल्ह्यातली वीसेक हजार हेक्टर केळी जवळजवळ एकाच जी-9 ची झाली. सगळी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल. एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. जगाने हे एकदा भोगलंय. ग्रो मिशेल नावाच्या केळीवर अमेरिकेचा सगळा व्यापार उभा होता, मर रोगाने 1950-60 च्या सुमारास ती संपवली आणि तिच्या जागी आपल्या जी-9 च्या घराण्यातली कॅव्हेंडिश आली, त्या जुन्या मर रोगाला पुरून उरणारी म्हणून. टीआर-4 तिलाच मारते.

तरी लोक हात बांधून बसलेले नाहीत. होंडुरासमध्ये वर्षानुवर्षं हजारो घडांवर हाताने परागकण टाकून, केळी कुस्करून, चाळून हाताला लागलेल्या मोजक्या बियांतून एफएचआयए-01 निघाली. तैवानने वेगळीच गंमत केली. टिश्यू कल्चरच्या रोपांत अधूनमधून एखादं वेगळं निपजतं, आपण त्याला खराब रोप म्हणून फेकतो. त्यांनी अशी रोपं मुद्दाम रोगट जमिनीत लावली आणि जी जगली ती वाढवली. त्यातून फॉर्मोसाना आली. घड थोडा उशिरा कापणीला येतो, पण झाड उभं राहतं. ऑस्ट्रेलियाने रानकेळीतला एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून क्यूकॅव्ह-4 काढली, तिला 2024 मध्ये तिथे परवानगी मिळाली. पण बीटी कपाशीचं आम्ही पाहिलंय. दोन जनुकांची बोलगार्ड-2 गुलाबी बोंडअळीने पचवली. म्हणून एकाच वाणावर, एकाच जनुकावर सगळा जिल्हा टांगायला माझी तयारी नाही. आणि हरण्यासाठी तर बाजारात असं एकही केळीचं वाण नाही जे तो पचवतं.

तोवर काय? निरोगी रोप घ्या, हे सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी 2006 पासून राष्ट्रीय प्रमाणपत्राची व्यवस्था आहे, मातृझाडाची विषाणू तपासणी होते. रोपं घेताना तो कागद मागणारं गिऱ्हाईक मला दहात एक भेटत नाही. कागद घेतलाच, तर रोपं ज्या शेडमध्ये वाढली तिची जाळी फाटकी आहे का, तेही जाऊन बघावं.

पण निरोगी रोपावरही मावा येणारच, आणि मग एकच उपाय उरतो. पहिल्या आठवड्यात, पहिलं झाड, मुळासकट. तो काम करतो, पण सगळ्यांनी केला तरच. इथे आपली सरकारी व्यवस्था उलटी उभी आहे. मध्य प्रदेशात पिकाच्या नुकसानीची मदत राजस्व परिपत्रक 6-4 खाली मिळते, आणि तिथे नुकसान किती टक्के हे बघतात. वादळाने बाग आडवी झाली की पटवारी येतो, सर्वे होतो. ते हवंच. पण एकरातल्या अठराशेपैकी चाळीस झाडं स्वतःच्या हाताने उपटणाऱ्याचं टक्केवारीत काहीच बसत नाही. त्याने गाव वाचवलं आणि त्याच्या हातात भोपळा. ज्याने वाट बघून सगळी बाग घालवली, तो निदान निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत उभा तरी राहू शकतो.

हिशेब करून बघा. चाळीस झाडं गुणिले सोळा रुपये, सहाशे चाळीस. उद्यानिकी विभागाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येक केळीच्या गावात दोन माणसं फेरीला ठेवावीत. त्यांच्यासमोर उपटून पुरलेल्या प्रत्येक झाडामागे रोपाची किंमत आणि वर थोडी मजुरी त्याच आठवड्यात खात्यात जावी, किंवा नांगे भरायला सरळ निरोगी रोपच द्यावं. लोक बरी झाडंही उपटून पैसे घेतील, असं एक अधिकारी मला म्हणाले. वर्षभरात घडाचे शे-दीडशे देणारं झाड वीस रुपयांसाठी कोण उपटेल, साहेब? मी एका वेळी दोन हजारांचं बिल करायचो, तेवढ्यात तीन शेतकऱ्यांच्या पहिल्या झाडांच्या रोपांची किंमत निघते.

मागच्या आठवड्यात त्याच काकांचा पुतण्या दुकानात आला. पान काउंटरवर ठेवलं. मी विचारलं, "किती झाडं?"

"नऊ."

"काढली?"

"बघू ना भाऊ, चार दिवस."

मी मागच्या खोलीतून युरियाची रिकामी गोणी आणली आणि त्याच्या हातात दिली. तो गोणीकडे बघत राहिला. "हिचे किती?" मी म्हटलं, हिचे काही नाही. गोणी घडी करून त्याने काखेत मारली, पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "गोणीचं झालं. झाडांचे कोण देणार?"