बॅटरीच्या गाडीचा ब्रेक बघणार कोण?

जुळे सोलापूरच्या कोणत्याही चौकात सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, तर सोरेगाव-मंद्रूपकडून येणाऱ्या दुचाकींमध्ये बॅटरीच्या गाड्याही आता नजरेस पडतात. कुणाच्या गाडीला दुधाचे कॅन, कुणाच्या पायाशी पेंडीचं पोतं, तर कुणी पोराला शाळेत सोडायला आलेलं. पेट्रोलचा खर्च वाचतो, ऑइल बदलायला नको, किक मारायला नको. गाडी चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण 'इंजिन नाही म्हणजे देखभाल नाही' हा समज गावोगाव पसरला आहे, तो मात्र घातक आहे. इंजिन गेलं, ब्रेक तर राहिलाच ना!

पेट्रोलची गाडी ऑइलच्या निमित्ताने गॅरेजला जाते. तिथं गॅरेजवाला न सांगता ब्रेकचा नटही आवळून देतो. बॅटरीच्या गाडीला गॅरेजला जायचं निमित्तच उरलेलं नाही. त्यात गावचा गॅरेजवाला 'करंटची गाडी आहे' म्हणून हात लावायला बिचकतो. परिणामी लायनर झिजत जातात आणि ज्या दिवशी खरी गरज पडते त्याच दिवशी ब्रेक दगा देतो. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. तिथं ब्रेक लागला तर लागला.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपेक्षा कमी मोटारीच्या गाडीला नोंदणी आणि लायसन लागत नाही. म्हणून अशा गाड्या पोरांच्या हाती सर्रास दिल्या जातात. काही ठिकाणी वायरिंगमध्ये फेरफार करून वेग वाढवून दिला जातो. अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ साली मोहीमही काढली होती. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला ब्रेक लावल्यापासून चौपट अंतर लागतं. वेग वाढवला, पण ब्रेक २५ च्याच वेगाचा राहिला, हा हिशोब पालकांनी ध्यानात घ्यावा.

आता तपासणीचं. फार अवघड नाही, महिन्यातून पंधरा मिनिटं पुरतात. आधी चावी बंद करून काढून घ्यावी. ही गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. चुकून मूठ फिरली तर चाक गरकन फिरतं आणि बोटं सापडतात. मग गाडी डबल स्टँडवर घ्यावी.

ड्रम ब्रेक असेल तर लिव्हरच्या टोकाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर ढिलाई असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जास्त ढिलाई असेल तर चाकापाशी केबलच्या टोकाला असलेला नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा आणि दर वेळी चाक हाताने फिरवून बघावं. घासल्याचा आवाज आला तर नट थोडा सोडावा. मोटार चाकातच असेल तर ते चाक मुळातच थोडं जड फिरतं, तिथं आवाजावर लक्ष ठेवावं. ब्रेक फार आवळला तर ड्रम तापतो आणि चार्जिंग लवकर उतरतं. बॅटरीला दोष देण्याआधी हे तपासावं. लिव्हर दाबल्यावर ब्रेकच्या आर्मवरची झिजेची खूण गाठली गेली, तर नट आवळत बसू नये, लायनर बदलावेत.

डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी आणि टाकीच्या काचेतून ब्रेक ऑइलची पातळी बघावी. झाकणावर जे लिहिलं असेल, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच ऑइल घालावं. घरात आहे म्हणून इंजिन ऑइल ओतू नये, रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतो. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा शिरली आहे, हे काम गॅरेजवाल्याचं. शेवटी चावी लावून ब्रेक दाबावा, मागचा लाल दिवा लागतो का पाहावं. लिव्हर दाबल्यावर मोटारीचा प्रवाह तुटायला हवा. तो तुटत नसेल तर गाडी चालवू नये.

मूठ सोडली की काही गाड्या आपोआप मंदावतात आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. त्या भरवशावर राहू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असली की हा अडसर बऱ्याच गाड्यांत कमी पडतो.

आपल्याकडे आणखी दोन सवयी आहेत. एक, फवारणीचा पंप गाडीवरून नेणे. तेलकट औषध डिस्कवर सांडलं तर ब्रेक घसरतो. डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, पॅड भिजले असतील तर बदलावेत. दुसरी, एचटीपी पंपाच्या झोताने गाडी धुणे. झोत मोटारीवर आणि बेअरिंगवर मारू नये. धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून सुकवावा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांनी ड्रम उघडून गाळ साफ करून घेतला नसेल तर आता तरी घ्यावा.

हे सगळं एकेका शेतकऱ्यावर सोडून भागणार नाही. विकणाऱ्यांनी गाडी ताब्यात देतानाच ब्रेक कसा तपासायचा ते दाखवावं आणि पुस्तक मराठीत द्यावं. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांनी मनावर घेतलं तर ग्रामसभेच्या दिवशी चावडीसमोर ब्रेक तपासणी ठेवता येईल. आयटीआयची मुलं बोलवावीत, गावच्या गॅरेजवाल्याला सोबत घ्यावं. त्याचीही भीड मोडेल. जनावरांच्या लसीकरणाला गाव एकत्र येतं, मग माणसांच्या जिवासाठी का येऊ नये?

बैलाला वेसण घातल्याशिवाय आपण कुणी रस्त्यावर आणत नाही. बॅटरीच्या गाडीची वेसण म्हणजे ब्रेक. बैल गेला अन् झोपा केला, असं होण्याआधी या रविवारीच नटाला हात लावावा.